29 आठवड्यांचे बाळ आणि दोन पत्ते: सोलापुरातील एका प्रकरणाचा अभ्यास

सोलापूर शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्या एका विडी कामगार महिलेच्या पहिल्या बाळंतपणाचे हे प्रकरण आहे. मुलगी 29 आठवडे 3 दिवसांवर जन्मली आणि जन्मवेळी तिचे वजन 1140 ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात 37 आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानले जाते आणि 28 ते 32 आठवड्यांदरम्यान जन्मलेले फारच अपुऱ्या दिवसांचे. ही मुलगी दुसऱ्या गटातली. ती जगली, आज अंगणवाडीत जाते आणि चष्मा लावते. तिच्यावरचे सर्वांत मोठे संकट मात्र ती काचेच्या पेटीत असताना आले नाही. दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत आले, आणि ते येण्याचे कारण वैद्यकीय कमी, पत्त्याचे जास्त होते. पाठपुराव्याच्या तपासण्यांमधून मी हे प्रकरण जवळून पाहिले. कुटुंबाची ओळख पटेल असा तपशील येथे दिलेला नाही.

प्रसूतीपूर्वी

आईचे वय 22. सासर शहरात, नवरा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर रात्रपाळीला, आणि ती स्वतः सासूबाईंबरोबर घरी बसून विड्या वळणारी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पाने, मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. त्यामुळे सहाव्या महिन्यापर्यंत तिने काम सोडले नव्हते. हिमोग्लोबिन 8.6 होते आणि लोहाच्या गोळ्या मिळत होत्या, पण पोटात मळमळते म्हणून त्या नियमित घेतल्या जात नव्हत्या. नोंदणी शहरातल्या नागरी आरोग्य केंद्रात वेळेवर झाली होती आणि बाराव्या आठवड्यातली सोनोग्राफीही उपलब्ध होती. पुढच्या साऱ्या निर्णयांत या एका सोनोग्राफीचा फार उपयोग झाला, कारण बाळ किती आठवड्यांचे आहे याबद्दल कोणालाही अंदाज बांधावा लागला नाही. शेवटच्या पाळीची तारीख घरात जी सांगितली जात होती, तिच्यात आणि सोनोग्राफीत जवळजवळ तीन आठवड्यांचा फरक होता.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले आणि रीतीप्रमाणे तिला माहेरी, अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावी, नेण्यात आले. तेथे आठवडाभरातच पहाटे तिच्या अंगावरून पाणी गेले. कळा नव्हत्या, त्यामुळे घरच्यांनी दुपारपर्यंत वाट पाहण्याचे ठरवले होते; तिच्या आईने, म्हणजे बाळाच्या आजीने, हट्ट करून तिला लगेच ग्रामीण रुग्णालयात नेले. पाणमोट लवकर फुटण्यामागे पुष्कळदा जंतुसंसर्ग असतो. या प्रकरणात रक्तक्षय होता, तासन्‌तास बसून काम होते, घरात तंबाखूची धूळ होती; पण यांपैकी एकावर बोट ठेवून 'यामुळेच झाले' असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही, आणि विड्या वळणाऱ्या सुनेला त्यासाठी बोल लावणे तर मुळीच न्यायाचे नाही.

ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेली एक गोष्ट या प्रकरणात निर्णायक ठरली. रुग्णवाहिका बोलावण्याच्या आधी त्यांनी आईला डेक्सामेथासोनचे 6 मिलिग्रॅमचे पहिले इंजेक्शन दिले, त्याची वेळ चिठ्ठीवर ठळक लिहिली आणि मगच 108 वरून तिला सुमारे 40 किलोमीटरवरच्या सोलापुरात पाठवले. हे इंजेक्शन आईसाठी नसते, बाळाच्या फुप्फुसांसाठी असते. लिगिन्स आणि हॉवी या न्यूझीलंडमधल्या दोन डॉक्टरांनी 1972 मध्ये दाखवून दिले की प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइड दिल्यास अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वसनाचा त्रास आणि मृत्यूचा धोका दोन्ही कमी होतात. भारत सरकारने 2014 मध्ये याबाबतच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 24 ते 34 आठवड्यांदरम्यान प्रसूतीची शक्यता असल्यास रुग्ण पुढे पाठवण्याआधी पहिला डोस द्यावा, असे त्यात नमूद केले. बारा-बारा तासांनी चार डोस असा हा क्रम आहे. औषध अगदी स्वस्त, कोणत्याही आरोग्य केंद्रात मिळणारे. तरीही 'पुढे बघतील' म्हणून ते द्यायचे राहून जाते. येथे प्रसूती साधारण 31 तासांनी झाली, म्हणजे तीन डोस पोहोचले. पहिला डोस सोलापुरात पोहोचल्यावर, तपासण्या झाल्यावर दिला असता, तर तिसरा डोस हुकण्याची शक्यता होती. सोलापुरात तिला प्रतिजैविके आणि मॅग्नेशियम सल्फेटही देण्यात आले. इतक्या लवकर होणाऱ्या प्रसूतीत मॅग्नेशियममुळे बाळाला पुढे सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारे कायमचे अपंगत्व, होण्याची शक्यता घटते.

काचेतले सहा आठवडे

जन्मताच नाळ लगेच न कापता थोडा वेळ थांबण्यात आले, बाळाला न पुसता गळ्यापर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून उबेखाली घेतले आणि सीपॅपवर (नाकातून सतत दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) नवजात शिशू विभागात हलवण्यात आले. श्वासाचे कष्ट वाढल्यावर तिसऱ्या तासाला बारीक नळीने सरफॅक्टंट, म्हणजे फुप्फुसांतले हवेचे फुगे मिटू न देणारे औषध, दिले गेले. ऑक्सिजनची गरज 40 टक्क्यांवरून संध्याकाळपर्यंत 25 वर उतरली. व्हेंटिलेटर लागला नाही. श्वास मध्येच थांबण्याचा जो प्रकार या वयात होतो, त्यासाठी कॅफिन पहिल्याच दिवशी सुरू झाले. तिसऱ्या दिवशी टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत मेंदूत डाव्या बाजूला पहिल्या, म्हणजे सर्वांत सौम्य श्रेणीचा छोटा रक्तस्राव दिसला. नंतरच्या तपासण्यांत तो विरला आणि मेंदूच्या पांढऱ्या भागाला इजा झालेली आढळली नाही. पुढच्या काळात मुलीच्या पायांबद्दल शंका आली तेव्हा हा अहवाल आधाराला आला.

दुधाबाबत काही गोष्टी सविस्तर सांगण्यासारख्या आहेत. पहिल्या दिवशी आईला दूध आलेच नाही असे घरच्यांनी परिचारिकेला सांगितले. प्रत्यक्षात चीक येत होता, पण तो थेंबांत होता आणि थेंबाला दूध म्हणायची कोणाची तयारी नव्हती. परिचारिकेने स्वच्छ वाटीत हाताने पिळलेले ते दीड मिलिलिटर सिरिंजमध्ये ओढून दाखवले आणि सांगितले की बाळाला आत्ता दर दोन तासांनी एकच मिलिलिटर लागणार आहे, म्हणजे हे जास्तच झाले. त्यानंतर आजीने लेकीला दिवसातून आठ वेळा दूध काढायला बसवण्याचे काम अंगावर घेतले. तोंडातून जठरात घातलेल्या नळीला सिरिंजचे नळकांडे जोडून ते वितभर उंच धरायचे आणि दूध आपल्या वजनाने उतरू द्यायचे, दट्ट्या दाबायचा नाही, हे आईलाही शिकवण्यात आले. इतक्या लहान आतड्यांना सूज येऊन ती सडण्याचा जो जीवघेणा आजार होतो, त्याच्यापासून आईच्या दुधाइतके संरक्षण दुसरे काही देत नाही. म्हणूनच मुंबईच्या सायन रुग्णालयात 1989 मध्ये आशियातली पहिली दुग्धपेढी उभी राहिली.

नवव्या दिवशी बाळ अचानक मंदावले. श्वास वारंवार थांबू लागला, पोट फुगले, रंग उतरला. दूध बंद करून प्रतिजैविके सुरू झाली आणि रक्ताच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला हा जंतू निघाला. आपल्याकडच्या नवजात विभागांत असे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू नेहमीचे आहेत, आणि बऱ्याच औषधांना ते जुमानत नाहीत. या बाळाच्या जंतूला एक औषध लागू पडले. पोटाच्या क्ष-किरण चित्रात आतडे सडल्याची खूण नव्हती, त्यामुळे तीन दिवसांनी दूध पुन्हा सुरू करता आले. मात्र जन्मवेळचे वजन गाठायला तिला अठरावा दिवस उजाडला.

कांगारू पद्धतीने बाळाला छातीशी धरणे पाचव्या दिवशी, सीपॅप सुरू असतानाच, सुरू झाले होते. संसर्गाच्या काळात ते थांबले आणि नंतर दिवसाला आठ-दहा तासांपर्यंत वाढले. दोन तास आई, मग आजी, आणि रात्रपाळीला जाण्याआधी बाप. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात 1 ते 1.8 किलो वजनाच्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवल्याने पहिल्या 28 दिवसांतले मृत्यूचे प्रमाण 15.7 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आले होते. त्या अभ्यासात बाळ पूर्ण स्थिर होण्याची वाट पाहिली नव्हती, हे त्याचे वेगळेपण. आपल्याकडे अजूनही 'आधी स्थिर होऊ दे' हेच वाक्य जास्त ऐकू येते, आणि बऱ्याचदा त्यामागे वैद्यकीय कारणापेक्षा आईला विभागात बसायला जागा नसणे हे कारण असते.

डोळ्यांची तपासणी

डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या गर्भाच्या शेवटच्या आठवड्यांपर्यंत वाढत असतात. बाळ आधीच बाहेर आले की ही वाढ अडते आणि नंतर ती भलतीकडे, आडवीतिडवी होऊ लागते. हा रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, म्हणजे सर्वजण ज्याला आरओपी म्हणतात तो आजार. पाश्चात्त्य देशांत 1940 आणि 50 च्या दशकांत बेसुमार ऑक्सिजनमुळे हजारो बाळे अंध झाली. पुढे ऑक्सिजन फारच आखडता घेतल्यावर मृत्यू वाढले, आणि या दोन्ही टोकांमधून आज रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण 90 ते 95 टक्क्यांच्या दरम्यान राखण्याचा संकेत स्थिरावला आहे. भारतात 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या प्रत्येक बाळाची ही तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी, आणि 28 आठवड्यांआधी किंवा 1200 ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्यांची त्याहून आधी, दोन-तीन आठवड्यांत. या आजारात डोळा बाहेरून अगदी चांगला दिसतो. बाळ रडते, दूध पिते, दिव्याकडे मान वळवते. आजी-आजोबांना संशय येण्याजोगे काही दिसू लागते तोवर पडदा सुटलेला असतो.

या मुलीची पहिली तपासणी 21व्या दिवशी विभागातच झाली. रक्तवाहिन्या अपुऱ्या, आजार नाही. 35व्या दिवशी पहिली पायरी दिसली, 42व्या दिवशी दुसरी, आणि एका आठवड्यात पुन्हा पाहण्याचे ठरले. 44व्या दिवशी वजन 1580 ग्रॅम, श्वास स्थिर, वाटी-चमच्याने आणि अंगावर दूध घेणे सुरू, म्हणून सुट्टी देण्यात आली. सुट्टीच्या कागदावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख होती. पण ती औषधांच्या यादीखाली, कॅल्शियम, लोह आणि ड जीवनसत्त्वाच्या थेंबांनंतर सातव्या ओळीत होती आणि तिच्यात 'आय ओपीडी फॉलोअप' एवढेच शब्द होते. आईने तो कागद नीट जपून ठेवला होता. त्याचा अर्थ मात्र तिला कोणी सांगितला नव्हता.

बाळ सासरी न जाता थेट माहेरी गेले. बाळंतपण माहेरचे, म्हणजे बाळंतीण माहेरीच राहणार. एप्रिल निम्मा सरला होता, पारा 42 अंशांच्या पुढे होता, आणि एवढ्या लेकराला घेऊन एसटीने किंवा वडापने सोलापूर गाठणे कोणालाही शहाणपणाचे वाटत नव्हते. त्यात बाळ दीड महिना दवाखान्यात असल्यामुळे 'सव्वा महिना' जन्मापासून न मोजता घरी आल्या दिवसापासून मोजायचा, असे ठरले; म्हणजे मेच्या अखेरीपर्यंत बाहेर पडण्याचा प्रश्नच नव्हता. 'सातव्याचं लेकरू जगतंय, आठव्याचं न्हाई' या समजाचाही येथे आडवळणाने परिणाम झाला. हा समज साफ चुकीचा आहे, कारण गर्भात मिळणाऱ्या प्रत्येक जास्तीच्या आठवड्याने बाळाची जगण्याची शक्यता वाढतेच. पण घरच्यांना त्याने असा दिलासा दिला की सातव्या महिन्यातले हे बाळ दवाखान्यातून बाहेर आले म्हणजे आता सारे पार पडले.

एसएनसीयूतून (आजारी नवजात बाळांच्या विशेष विभागातून) घरी गेलेल्या बाळाकडे आशाताईंनी गृहभेटीला जाणे अपेक्षित असते. सासरच्या वस्तीतल्या आशाताई दोनदा गेल्या; 'सून माहेरी आहे' हे उत्तर घेऊन परतल्या. माहेरच्या गावातल्या आशाताईंच्या वहीत या गरोदर महिलेचे नावच नव्हते, कारण तिची नोंदणी शहरातली. दोघींनीही आपापले काम नियमाप्रमाणे केले होते. बाळ मात्र दोन्ही वह्यांच्या बाहेर राहिले. रुग्णालयाच्या नोंदीत बापाचा मोबाईल क्रमांक होता, आणि रात्रपाळी करणारा माणूस सकाळी दहा ते दुपारी तीन झोपलेला असतो, नेमक्या त्याच वेळेत विभागातून फोन केले जात होते.

49व्या दिवसाची तपासणी अशी चुकली. विभागातल्या एका परिचारिकेने चुकलेल्या बाळांची यादी काढून संध्याकाळी फोन लावला तेव्हा बाप भेटला, आणि त्याने दुसऱ्याच दिवशी सासुरवाडीच्या ओळखीची जीप करून मायलेकींना आणले. तो 58वा दिवस होता. दोन्ही डोळ्यांत आजार तिसऱ्या पायरीवर गेला होता आणि रक्तवाहिन्या फुगून वळवळल्यासारख्या दिसत होत्या. अशा अवस्थेत 48 ते 72 तासांच्या आत उपचार करावा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही डोळ्यांना लेसर झाले, आणि पुढच्या तीन आठवड्यांत आजार ओसरला. आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर काय झाले असते, हे नेत्रतज्ज्ञांनी बापाला अगदी शांतपणे पण काही न लपवता सांगितले. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून आजारी नवजात बाळाचा सरकारी रुग्णालयातला उपचार आणि वाहतूक मोफत आहे, हे त्या दिवशी जीपचे भाडे देऊन झाल्यावर कुटुंबाला कळले.

माझे स्पष्ट मत असे की या प्रसंगात 'अडाणी नातेवाईक' हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, खरे नाही. ज्या आजीने पाणी गेल्यावर दुपारपर्यंत थांबू दिले नाही, तीच आजी मेअखेरपर्यंत थांबायला तयार झाली, कारण पहिल्या वेळी धोका तिला दिसत होता आणि दुसऱ्या वेळी तो तिला कोणी दाखवला नव्हता. पहिले बाळंतपण माहेरी ही आपल्याकडची इतकी सार्वत्रिक रीत आहे की सुट्टी देताना 'घर कोणते' एवढे विचारणे पुरेसे नाही. पुढचे तीन महिने बाळ कोणत्या गावात राहणार, तिथला कोणता फोन संध्याकाळी उचलला जातो आणि त्या गावच्या आशाताई कोण, हे विचारावे लागते. या प्रकरणानंतर विभागाच्या सुट्टीच्या कार्डावर पत्त्याचे दोन रकाने आले आणि डोळ्यांच्या तपासणीची तारीख पहिल्या पानावर लाल शाईत, 'ही तारीख चुकल्यास बाळ आंधळे होऊ शकते' या वाक्यासह लिहिली जाऊ लागली. हे वाक्य कठोर आहे, अशी हरकत घेतली गेली होती. ते तसेच ठेवले हे बरे झाले.

पहिली दोन वर्षे

पाठपुराव्यात पहिली अडचण वयाची आली. मुलगी साडेदहा आठवडे आधी जन्मली, म्हणजे तिचे दुरुस्त वय जन्मतारखेपासूनच्या वयापेक्षा सुमारे अडीच महिन्यांनी कमी धरायचे. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. हे दोन हिशेब घरात एकत्र झाले आणि पहिल्या वाढदिवशी ती आधाराशिवाय उभी राहत नाही म्हणून सासूबाई काळजीत पडल्या, तर त्याआधी लस द्यायला 'अजून लहान आहे' म्हणून त्यांनीच उशीर केला होता. माहेरी आंघोळीनंतर धुरी दिली जात होती. अपुऱ्या दिवसांच्या फुप्फुसांना धूर सोसत नाही हे समजावल्यावर ती थांबली. टाळू भरण्याबद्दल कोणी काही म्हटले नाही. हात धुऊन, हलक्या हाताने केलेल्या तेलाने बाळाचे नुकसान होत नाही, आणि घरातल्या मोठ्यांची प्रत्येक रीत मोडायला निघाले की महत्त्वाची गोष्टही ऐकली जात नाही.

दुरुस्त वयाच्या चौथ्या महिन्यात आईनेच सांगितले की लंगोट बदलताना मांड्या उघडत नाहीत. तपासणीत दोन्ही पाय ताठर होते आणि हॅमरस्मिथ तपासणीचे (बाळाच्या मेंदू व मज्जासंस्थेच्या तपासणीचे) गुण अपेक्षेपेक्षा कमी होते. अशा ताठरपणातला काही भाग वर्षभरात आपोआप जातो आणि काही बाळांत तो सेरेब्रल पाल्सीची सुरुवात असतो. त्या वयात दोन्हींत ठाम फरक करणे अवघड असते. फ्रान्समध्ये 2011 साली जन्मलेल्या बाळांच्या मोठ्या अभ्यासात 27 ते 31 आठवड्यांवर जन्मलेल्यांपैकी दोन वर्षांच्या वयात सेरेब्रल पाल्सी असलेल्यांचे प्रमाण 4.3 टक्के होते, म्हणजे बहुसंख्य मुलांना ती होत नाही. या मुलीच्या मेंदूच्या सोनोग्राफीचे निष्कर्षही चांगले होते. तरीही निदानाची वाट न पाहता फिजिओथेरपी सुरू करण्यात आली, आणि घरी करायचे व्यायाम विड्या वळण्याच्या वेळापत्रकात बसवले गेले: सूप बाजूला ठेवले की पंधरा मिनिटे पालथी, दोन्ही मांड्या फाकवून कडेवर. दुरुस्त वयाच्या वर्षापर्यंत ताठरपणा निवळला. ती दुरुस्त सोळाव्या महिन्यात चालली. श्रवणाची तपासणी सामान्य आली.

दुरुस्त दोन वर्षांच्या वेळी हालचालींचा विकास वयाप्रमाणे होता. भाषा मागे होती, शब्द मोजके आणि दोन शब्द जोडून बोलणे जवळजवळ नाही. उणे चार नंबरचा चष्मा लागला. लेसर झालेल्या डोळ्यांत असा लघुदृष्टीचा, म्हणजे दूरचे धूसर दिसण्याचा, दोष बराच आढळतो, आणि नजर धूसर असलेल्या मुलाला चेहरे नि वस्तू नीट दिसत नसल्यामुळे भाषेलाही उशीर होऊ शकतो. चष्म्यानंतर सहा महिन्यांत शब्दांची भर लक्षणीय होती.

आता ती चार वर्षांची आहे. बोलते भरपूर, एका जागी बसत नाही आणि मणी ओवताना चिडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1987 पासून दोन हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा प्रौढपणापर्यंत जो पाठपुरावा केला, त्यात या मुलांची बुद्धी बहुतांशी सामान्य मर्यादेत होती, पण बरोबरीच्या मुलांपेक्षा काहीशी कमी, आणि लेखन व गणित या दोन ठिकाणी ती मागे पडत होती. अशा अडचणी शाळेत दुसरी-तिसरीत उघड होतात आणि तोवर बहुतेक कुटुंबांचा रुग्णालयाशी संबंध संपलेला असतो. म्हणून या मुलीची पुढची तपासणी साडेपाच वर्षांची झाल्यावर, पहिलीत प्रवेश घेण्यापूर्वी, ठेवली आहे. तीत हस्तकौशल्य, लक्ष आणि अंकज्ञान पाहिले जाईल. चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी तपासला जातो. कार्डावर आता तीन फोन क्रमांक आहेत, आणि त्यांतला पहिला माहेरच्या आजीचा आहे.